अभिजित : अपूर्णांकाचा धनी

दुकानाचे उद्घाटन असो वा वहीपूजन, पंचांगात दुसरी सोयीची वेळ नसली की व्यापारी घरांत मध्यान्हीच्या अभिजित मुहूर्ताचा आधार घेतात. मात्र याच नावाचा तारा डोळ्यांनी पाहिलेली मंडळी थोडीच असतात.

1932 साली येरवडा कारागृहात असताना महात्मा गांधींना आकाशदर्शनाचा छंद जडला. त्याची गोडी काकासाहेब कालेलकरांनी लावली होती, तर येरवड्याच्याच ‘पर्णकुटी’तील प्रेमलीलाबाई ठाकरसी यांनी दुर्बिणी पुरविल्या. आज येरवड्याच्या आकाशातील अंधुक तारे दिव्यांच्या झगमगाटात लोपले आहेत. परंतु अभिजित मात्र दिसतो. भाद्रपदात रात्री आठच्या सुमारास गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून मान बरीच उंचावली की जो शुभ्र-निळसर ठळक तारा दिसतो, तोच अभिजित. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचावयास सुमारे 25 वर्षे लागतात.

त्याच्याजवळ चार मंद ताऱ्यांचा चिमुकला, तिरपा चौकोन आहे. हे सारे मिळून स्वरमंडळ हा लहानसा तारकासमूह होतो. ग्रीकांनी त्यात ऑर्फियस या गायकाचे तंतुवाद्य पाहिले. चौकोनातील अभिजितपासून दूरच्या दोन ताऱ्यांमध्ये, दुर्बिणीतून, धुराच्या अंगठीसारखे एक वलय दिसते. वृद्ध ताऱ्याने टाकलेल्या वायूचा हा कोश 1779 मध्ये प्रथम नोंदला गेला.

महाभारताच्या वनपर्वात अभिजित ही रोहिणीची धाकटी बहीण आहे. ज्येष्ठत्वाच्या इच्छेने ती तपासाठी वनात गेली आणि आकाशातील तिचे स्थान रिकामे झाले, अशी ती कथा. प्रचलित गणनेतही नक्षत्रे 27 च उरली.

‘सूर्यप्रज्ञप्ती’ या आगमाने मात्र 28 नक्षत्रे मानली आणि आरंभच अभिजितपासून केला. त्यामागे चोख हिशेब आहे. नक्षत्रचक्राच्या एका फेरीस चंद्राला 27 दिवस व वर एका दिवसाचा 21/67 भाग लागतो, असे तेथील गणित सांगते. इतर 27 नक्षत्रांच्या वाट्याला मिळून बरोबर 27 दिवस येतात. वरचा अपूर्णांक, म्हणजे 9 पूर्णांक 27/67 मुहूर्त, अभिजितच्या खाती जमा केला आहे. आजच्या मापनाशी ताडून पाहता संपूर्ण फेरीत फरक पडतो तो अवघा बारा मिनिटांचा.

किरकोळ म्हणून सोडलेली रक्कम पुढे वर्षअखेरीस ताळेबंद जुळू देत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावे लागत नाही. आकाशाची वही लिहिणाऱ्यांनीही तो अंश टाकून दिला नाही. त्याला स्वतंत्र खाते दिले आणि तेही पहिल्या पानावर. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या घरांना संध्याकाळचा निवांत वेळ असतोच. एखाद्या निरभ्र रात्री मुलानातवंडांना गच्चीवर नेऊन हे खाते एकदा दाखवावे.