माणकाचे मोल कोणी ठरवायचे?

गेल्या महिन्यात विहारात बचतीविषयी बोलणे चालले असता एका काकूंनी विचारले, "सोन्याचा भाव रोज कळतो, मग माणकाचा का कळत नाही?" प्रश्न साधा होता. परंतु याच प्रश्नाच्या मुळाशी असलेला मोठा वाद २०१७ साली लंडनच्या शेअर बाजाराने पाहिला. आपल्यापैकी अनेकांची निवृत्तीची पुंजी अशाच बाजारांत गुंतलेली असल्याने तो समजून घेणे हिताचे आहे.

वाद होता जेमफिल्ड्स या कंपनीचा. झांबियात पाचूंची आणि मोझांबिकमध्ये माणकांची खाण ती चालवते. मोझांबिकच्या काबो डेलगाडो प्रांतातील मॉन्टेप्युएझ येथे २००९मध्ये माणके सापडली. २०११मध्ये कंपनीने तेथील ७५ टक्के हिस्सा अवघ्या २५ लाख डॉलरना मिळवला. जून २०१४मध्ये सिंगापूरला झालेल्या पहिल्याच माणिक-लिलावात तिला ३ कोटी ३५ लाख डॉलर मिळाले.

मे २०१७मध्ये पॅलिंगहर्स्ट या सर्वांत मोठ्या भागधारकाने उरलेले समभाग मागितले. त्याच्याकडे सुमारे ४७ टक्के हिस्सा आधीच होता. मोबदला रोख नव्हता. एका समभागामागे पॅलिंगहर्स्टचे १.९१ समभाग, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ३८.५ पेन्स. हा प्रस्ताव कंपनीचे मोल फारच कमी लेखतो, असे स्वतंत्र संचालकांनी स्पष्ट सांगितले. चीनच्या फोसुन समूहाने सुरुवातीला ४०.८५ पेन्स रोख देण्याची तयारी दाखवली. पुढे तो आकडा वाढलाही. तरीही इतर मोठ्या भागधारकांच्या पाठिंब्यामुळे पॅलिंगहर्स्टची सरशी झाली. लहान भागधारकांपुढे दोनच वाटा उरल्या: मिळेल ते स्वीकारणे, अथवा बाजारातून बाहेर पडलेल्या कंपनीचे समभाग सांभाळत बसणे.

एकाच खाणीचे मोल इतके वेगळे कसे निघते? हिऱ्यांसाठी १९७८पासून रापापोर्ट दरपत्रक आहे. कच्च्या माणकांसाठी सर्वमान्य दरपत्रक नाही. रंग, नितळपणा, आकार आणि पैलू पाडल्यावर किती खडा हाती उरेल, यावर किंमत ठरते. खरेदीदार बंद लिफाफ्यात बोली लावतात. तिजोरीतील माल हिशेबात साधारणपणे उत्पादनखर्चाने मांडला जातो. त्यामुळे एखाद्या दुर्मीळ खड्याची खरी किंमत विक्रीपर्यंत दडलेलीच राहते. भूगर्भातील मालाची गोष्ट तर त्याहून अवघड. दहा वर्षांनी मिळणारे १०० पौंड ८ टक्के सूट-दराने आजचे ४६ ठरतात, १५ टक्क्यांनी केवळ २५. मी संगणक-अभियंता आहे. सूत्र अचूक असूनही त्यात भरलेल्या गृहीतकाने उत्तर कसे पालटते, हे रोज पाहतो.

शिवाय वेळेचाही प्रश्न होता. भारतातील नोव्हेंबर २०१६च्या नोटाबंदीने रत्नबाजारातील रोकड आटली आणि कंपनीला कमी प्रतीच्या पाचूंचा लिलाव पुढे ढकलावा लागला. मंदीच्या काळात समभाग उतरतो. जमिनीतील रत्ने मात्र कमी होत नाहीत. ज्याला खाण आतून ठाऊक आहे, तोच अशा वेळी खरेदीला निघाला, तर लहान भागधारकाने सावध का होऊ नये?

या वादाचा केंद्रबिंदू समभागामागे किती पेन्स, हा होता. खाणीभोवतीच्या गावांचा हिशेब वेगळाच होता. गोळीबार, मारहाण व लैंगिक अत्याचार झाल्याच्या आरोपांवरून ली डे या लंडनच्या वकील-संस्थेने २७३ दावेदारांची बाजू मांडली. जानेवारी २०१९मध्ये कंपनीने कायदेशीर जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. जो खर्च कोणी हिशेबात धरत नाही, तो पुढे असा समोर येतो.

म्हणून काकूंना माझे उत्तर एवढेच: माणकाचा भाव जाहीर नसतो, तो सांगितला जातो. भाव ऐकला की तो कोणी सांगितला, सांगणारा विकत घेणारा आहे की विकणारा, आणि त्या हिशेबातून कोणाला वगळले आहे, हे तीन प्रश्न आपण अवश्य विचारावेत.