माहूलवेलीवर कुऱ्हाड कोणाला विचारून?

उन्हाळ्यात आपल्या जंगलात झाडाच्या शेंड्यावर पांढऱ्या, मग पिवळसर होत जाणाऱ्या फुलांचे घोस दिसतात ना, ते पुष्कळदा त्या झाडाचे नसतातच. ती माहूलवेल. आपट्याच्या घराण्यातली. पानही तसंच दुभंगलेलं, पण थाळीएवढं. आपट्याचं पान आपण दसऱ्याला सोनं म्हणून वाटतो. आणि जिच्या पानावर गाव जेवतं, ती कागदोपत्री काय? तर उपद्रवी वेल!

कुपातल्या कामात वेली तोडणं हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं काम. कारण सांगतात, वेल सागाला वाकवते. खोटं नाही ते. वेलीचा भार झाडावर येतोच. पण वेल माजते कुठे? मोठी झाडं काढून जिथे ऊन आत सोडलं, तिथे. आधी छप्पर फोडायचं आणि मग दोष वेलीला द्यायचा, हा कुठला न्याय?

१९७४ ला वन विकास महामंडळ आलं. मिश्र जंगल तोडून सागाच्या रांगा लागल्या. त्या रांगांत जाऊन पत्रावळीपुरती माहूलची पानं गोळा करून दाखवा. सालीचा दोर, भाजून खायचं बी, सगळं गेलं. इकडे १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या ताटल्यांवर देशभर बंदी, आणि तिकडे पत्रावळीच्या वेलीवर कुऱ्हाड. वा रे धोरण!

२००६ चा वनहक्क कायदा स्पष्ट आहे. लाकूड सोडून जंगलातलं वनस्पतीजन्य उत्पन्न म्हणजे गौण वनोपज, आणि त्याची मालकी हक्कदारांची. जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा. २००९ मध्ये मेंढा-लेखाने सामूहिक हक्क मिळवून वाट दाखवली. आज जिल्ह्यात हजारावर ग्रामसभांकडे असे हक्क आहेत. मग वेल तोडताना त्यांना विचारायला काय जातं?

आणि हो, आपणही धुतल्या तांदळाचे नाही. चार पानांसाठी अख्खी वेल ओढून पाडणारे आपल्यातच आहेत. लग्नात प्लास्टिक चढवलेल्या कागदी पत्रावळी आणणारेही आपणच.

मागणी साधी आहे. ग्रामसभेच्या ठरावाशिवाय सरसकट वेलतोड बंद. जिथे खरंच गरज असेल, तिथे झाड बघून, गावासमोर निर्णय. आणि पानं तोडायचे नियम गावाने स्वतः करावे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय लावा. वेल तुटल्यावर ठराव करून काही उपयोग नाही.