वायपर थांबला तर : आधी तपास, मग खर्च



मे महिना सरत आला की आपण घराची कौले शाकारून घेतो, छत्र्यांच्या मोडलेल्या काड्या बसवून घेतो, मुलांचे रेनकोट बाहेर काढून कुठे फाटले आहेत ते पाहतो. दारात उभ्या असलेल्या गाडीच्या वायपरकडे मात्र पहिली सर अंगावर येईपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही. आणि वायपर बिघडल्याचे कळते ते नेमके घाटात, संध्याकाळच्या वेळी, मागच्या सीटवर मुले झोपलेली असताना.

आपल्या बहुसंख्य कुटुंबांकडे असलेली गाडी कोरी नसते. कुणी निवृत्तीच्या पैशातून जुनी मारुती ८०० घेतलेली असते, कुणी भाड्याने चालविण्यासाठी ओम्नी. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले आणि ओम्नीचे २०१९ साली. म्हणजे आज रस्त्यावर असलेली यांपैकी प्रत्येक गाडी वयस्कर आहे. वयस्कर गाडीचा वायपर थांबला की गॅरेजमध्ये एकच वाक्य ऐकायला मिळते : "मोटर गेली, नवी टाकावी लागेल." आम्हांला या लेखात एवढेच सांगायचे आहे की, मोटर हा तपासातील शेवटचा मुद्दा असावा, पहिला नव्हे. त्याआधी चार-पाच स्वस्त गोष्टी तपासायच्या असतात आणि त्या घरच्या माणसाला तपासता येतात.

वायपरची साखळी नीट ध्यानात घ्या. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून स्विचकडे जाते, स्विचमधून मोटरकडे. मोटर वेगाने फिरते, तिच्या पोटातील गिअर तो वेग कमी करून जोर वाढवतो. मोटरला जोडलेल्या सळ्या त्या गोल फिरण्याचे इकडून तिकडे हलणे करतात. सळ्यांमुळे काचेखालचे दोन खुंट अर्धवट फिरतात, खुंटांवर वायपरचे दांडे बसवलेले असतात आणि दांड्यांच्या टोकाला रबर. बिघाड या साखळीच्या एखाद्या कडीत असतो. ती कडी कोणती, हे वायपर कसा वागतो यावरून ओळखता येते.

पुसतो, पण दिसत नाही

वायपर चालतो, तरी काचेवर रेघा उमटतात. हा दोष सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त. आधी काच साबणाच्या पाण्याने धुवा. डिझेलच्या धुराचा आणि तेलाचा पातळ थर काचेवर बसतो. त्यामुळे नवे रबरसुद्धा नीट पुसत नाही, समोरून दिवे आले की सगळी काच धुरकट होते. मग रबराची धार ओल्या फडक्याने पुसून काढा. फडक्यावर काळी घाण येईल, ती संपेपर्यंत पुसा.

एवढे करूनही रेघा राहिल्या तर त्यांचा आकार पाहा. बारीक एकच रेघ असेल तर त्या ठिकाणी रबर फाटलेले आहे. मधला पट्टाच कोरडा होत नसेल तर ब्लेडची पट्टी वाकलेली आहे किंवा दांड्याची स्प्रिंग ढिली झाली आहे. एकाच दिशेला जाताना थडथड आवाज होत असेल तर दांडा पिळला गेला आहे. रबराची धार प्रत्येक फेरीत उलट बाजूला पडली पाहिजे. दांडा पिळलेला असला की ती एकाच बाजूला अडून राहते. दांडा दोन पकडींनी धरून किंचित सरळ केला की आवाज थांबतो.

रबर उन्हाने कडक होते. नखाने दाबून पाहा. धार लवचिक नसेल, चिरा दिसत असतील, तर बदलून टाका. एक सूचना मात्र विसरू नका. ब्लेड काढल्यावर उघडा दांडा काचेवर आपटला तर काच तडकू शकते. म्हणून दांड्याखाली जाड घडी केलेला टॉवेल ठेवा. नव्या रबराचे पैसे वाचवताना काचेचा खर्च ओढवून घेऊ नये.

मंद चालतो

दोन कारणे संभवतात. एक तर कुठेतरी घासते आहे, किंवा वीज पुरेशी पोचत नाही. बॉनेट उघडून मोटरला जोडलेली सळी सुटी करा. बोटे सळ्यांत घालण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून ठेवायची, कारण वायपर अचानक चालू झाला तर बोट चिरडते. सळी सुटी केल्यावर हात बाजूला घेऊन तार परत जोडा आणि नुसती मोटर चालवून पाहा. मोटर झपाट्याने फिरली तर ती निर्दोष आहे. घासते आहे ते खुंटांत. तिथे गंज चढलेला असतो, समुद्रकाठच्या गावांत तर हमखास. गंज सुटण्याचे तेल सोडा, रात्रभर मुरू द्या, दांडे हाताने मागेपुढे करा आणि मग ग्रीस लावा.

सळी सुटी करूनही मोटर मंदच असेल, तर तिला दोषी ठरविण्याआधी अर्थिंग पाहा. एका जाड तारेचे एक टोक मोटरच्या लोखंडी अंगाला आणि दुसरे थेट बॅटरीच्या ऋण टोकाला लावा. मोटर लगेच जोरात फिरू लागली तर दोष अर्थिंगचा.

आमच्या परिचयातील एका चालक बंधूंच्या ओम्नीचे असेच झाले होते. गॅरेजवाल्याने नव्या मोटरचा भाव सांगितला होता आणि बंधू मुलीच्या फीमधून पैसे काढायच्या विचारात होते. आम्ही वर सांगितलेली तार लावून पाहिली, वायपर धावू लागला. अर्थिंगचा बोल्ट गंजून त्याच्याभोवती पापुद्रा झाला होता. तो काढला, पॉलिश पेपरने जागा चकचकीत केली, बोल्ट घट्ट आवळला, वर थोडे ग्रीस लावले. खर्च झाला तो पॉलिश पेपरच्या एका तुकड्याचा. गॅरेजवाला लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. कदाचित त्यानेही तपासले नसेल. पण न तपासता सांगितलेल्या गोष्टीचे पैसे मात्र आपल्याच खिशातून जातात.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपे. वायपर चालू असताना मोटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला तर अर्थिंग साफ करायला हवे.

मुळीच हलत नाही

किल्ली चालू स्थितीत ठेवून स्विच दाबा आणि कान द्या. मोटरचा आवाज येतो, पण दांडे हलत नाहीत, याचा अर्थ सळीचा गोळा सांध्यातून निसटला आहे. एकच दांडा हलतो आणि दुसरा पडून राहतो, तर त्या दांड्याचे नट ढिले आहे किंवा आतले दाते झिजले आहेत. नट आवळून पाहा. दाते गेले असतील तर दांडा बदला, मोटरला हात लावण्याची गरज नाही.

आवाजच येत नसेल तर पहिला फ्यूज. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्याच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याची सवय अनेकांना आहे, ती घातक आहे. फ्यूज जळतो म्हणून वायरिंग वाचते. तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळते आणि गाडी पेट घेऊ शकते. नवा फ्यूजही जळाला तर वायर कुठेतरी पत्र्याला टेकली आहे किंवा वायपर अडकून बसला आहे, ते शोधा.

फ्यूज शाबूत असेल तर टेस्टर बल्ब घ्या. मोटरच्या जोडणीतून येणाऱ्या तारेला एक टोक, बॅटरीच्या ऋण टोकाला दुसरे. स्विच चालू केल्यावर बल्ब पेटला तर वीज मोटरपर्यंत येते आहे, म्हणजे दोष मोटरचा किंवा अर्थिंगचा. बल्ब पेटला नाही तर दोष स्विचचा किंवा मधल्या तारेचा. एवढे सगळे झाल्यावर मोटरच दोषी निघाली तरी ती उघडून पाहण्याजोगी असते. पुष्कळदा आतले कार्बन झिजलेले असतात आणि तेवढेच बदलून चालते.

मध्येच थांबतो

स्विच बंद केल्यावर वायपर खाली आपल्या जागी जाऊन निजला पाहिजे. तो काचेच्या मध्येच थांबत असेल तर मोटरच्या गिअरच्या झाकणाखाली तांब्याची चकती आणि तिच्यावर टेकणाऱ्या पट्ट्या असतात, त्या काळ्या पडल्या आहेत. स्विच बंद झाल्यावरही वायपर जागेवर येईपर्यंत वीज पुरवायची, हे त्या पट्ट्यांचे काम. झाकण उघडून त्या हलक्या हाताने साफ कराव्यात. दांडे काढायचे झाल्यास वायपर आधी जागेवर आणा आणि काचेवर टेप चिकटवून त्यांची जागा आखून ठेवा, म्हणजे परत बसवताना गोंधळ होत नाही.

वाटेतच वायपर बंद पडला तर? जुने ट्रकचालक काचेवर तंबाखू किंवा चिरलेला बटाटा चोळतात. त्याने पाण्याचे थेंब न राहता पातळ पडदा होतो आणि थोडा वेळ दिसते. सुरक्षित जागेपर्यंत पोचण्यापुरताच तो उपाय. खिडकीतून डोके बाहेर काढून घाट उतरू नका. रस्त्याच्या पूर्ण कडेला गाडी घ्या, चारही इंडिकेटर चालू ठेवा, सर ओसरू द्या. घरी तासभर उशिरा पोचल्याने काही बिघडत नाही.

कायद्याचेही सांगून ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये वायपरसाठी स्वतंत्र नियम आहे. खासगी गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यावर ती पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेताना गाडी तपासून घ्यावी लागते. बंद वायपर घेऊन तिथे गेलात तर फेरी वाया जाण्याची शक्यता आहे.

आमच्या भगिनी म्हणतील, हे पुरुषांचे काम. त्यांना आम्ही आठवण देतो की, काच पुसणाऱ्या वायपरचे पेटंट अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली मिळवले. न्यूयॉर्कमध्ये ट्रामने जाताना हिमवर्षावामुळे चालकाला समोरचे दिसेना, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आतून दांडा ओढला की बाहेर रबर फिरत असे. पेटंटची मुदत संपून गेली, पण त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही. ज्या यंत्राची कल्पना एका बाईने केली, त्याचा फ्यूज बदलणे आपल्या मुलींना जड जाऊ नये.

तेव्हा येत्या रविवारी अर्धा तास काढा. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सोबत घ्या. एकाने काचेवर बादलीतून पाणी टाकावे, एकाने स्विच फिरवावा, एकाने पाहावे. रेघ कुठे उमटते, आवाज कुठून येतो, वायपर जागेवर जातो की नाही, हे वहीत लिहून ठेवा. गॅरेजमध्ये जावेच लागले तर ती वही घेऊन जा. "वायपर बघा" असे म्हणण्याऐवजी "अर्थिंग तपासले आहे, फ्यूज ठीक आहे, मोटरपर्यंत वीज येत नाही" असे सांगा. मेकॅनिकही मग त्याच जागी हात घालतो, आणि तुम्हीही तेवढ्याच कामाचे पैसे देता.

पुढील अंकी गाडीच्या बॅटरीविषयी.