एमडी० कुठे गेला?

घरच्या लिनक्स संगणकात आम्ही दोन हार्डडिस्कची रेड-१ जोडी केली आहे. अब्बांचे जुने फोटो, निकाहाचे व्हिडिओ त्यातच. परवा संगणक पुन्हा सुरू केला, तर एमडी० गायब! अम्मी म्हणाली, "आधी काही पुसू नका रे." तिचं ऐकलं. जोडी शाबूत होती, फक्त तिचं नाव एमडी१२७ झालं होतं.

सुरुवातीला चालणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्ये जोडीची नोंद नसली, की लिनक्स असं नाव देतं. आम्ही एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये जोडीची ओळख लिहिली, इनिटरॅमएफएस नव्याने बनवलं आणि एफएसटॅबमध्ये नावाच्या जागी फाइल सिस्टिमचा यूयूआयडी टाकला. तुमच्याकडेही असं झालं, तर घाईने फॉरमॅट करू नका. आणि रेड असली तरी फोटोंची वेगळी प्रत ठेवाच.