दुसऱ्या गिरकीचा भाव
दहा सेंटिमीटर रुंद, सव्वा मीटर उंच तुळई. तिच्यावरून मागे झेप घ्यायची, हवेत दोन कोलांट्या मारायच्या, त्यातच अंगाभोवती दोन गिरक्या घ्यायच्या आणि पायांवर उतरायचे! सिमोन बाइल्सने 2019 साली श्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत हे करून दाखवले. (आम्ही ब्रँचमधल्या स्टुलावरून उतरताना टेबल धरतो.) मिळाले काय? काठिण्याचे 0.8 गुण. एकच गिरकी असती तर 0.7! आंतरराष्ट्रीय महासंघ म्हणे, यात धोका आहे, कोणी मानेवर पडेल. मुलींची सुरक्षितता पाहिली पाहिजे.

अहो, मग सरळ बंदी घाला ना! ते नाही. परवानगी द्यायची, टाळ्या घ्यायच्या, नियमपुस्तकात तिचे नाव छापायचे आणि दुसऱ्यांच्या मानेची काळजी हिच्या गुणांतून कापायची. रामराव कर्ज बुडवतील या भीतीने आम्ही शामरावांच्या ठेवीवरचं व्याज कापलं, तर शामराव काउंटरवर चढतील. बाइल्सबाई तर चढतीलच, आणि उतरतील त्या दोन गिरक्या घेऊन.