कोठार कुणासाठी?

देवावर खरा भरवसा असेल तर खिसा कधी रिकामा राहत नाही, अशी शिकवण अलीकडे अनेक सभांमधून मोठ्या आवाजात दिली जाते. दानाला बी म्हणायचे, पिकाची हमी द्यायची आणि पीक आले नाही की पेरणाऱ्याचा विश्वास कमी पडला असे ठरवायचे. नोकरी गेलेला तरुण, आजारी नवऱ्याची बायको, हप्ते थकलेला रिक्षावाला, ही माणसे जवळची शेवटची नोट दानपेटीत टाकून घरी जातात. पुढच्या सभेला तीच माणसे पुन्हा येतात, तेव्हा गरिबीच्या ओझ्यावर अविश्वासाचा ठपकाही बसलेला असतो. धनाऐवजी देवावर विसंबा, या येशूच्या शिकवणीचे हे पार उलटे रूप आहे. इथे विसंबायचे असते धनावरच, देवाचा उपयोग फक्त ते मिळवण्यापुरता.

ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून चालत आलेली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन अशा उपदेशकांनी तिला आकार दिला आणि तिथून ती जगभर गेली. योहानाच्या तिसऱ्या पत्राची सुरुवात हा तिचा एक आवडता आधार. पण तिथे योहान गायस नावाच्या मित्राचे क्षेमकुशल चिंततो आहे. पत्राच्या आरंभी आपणही ते चिंततो. त्यातून देवाचा आर्थिक करार निघत नाही. दुसरा आधार मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा: सगळा दशांश भांडारात आणा, मग आकाशाची दारे उघडतील. भांडारात आलेल्या त्या दशांशाचे पुढे काय व्हायचे, हे मात्र या सभांत कुणी सांगत नाही. अनुवादाचा चौदावा अध्याय ते सांगतो. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा आणि तो लेवी, परका, अनाथ व विधवा यांनी पोटभर खायचा. म्हणजे ज्या विधवेकडून आज दशांशाच्या नावाखाली शेवटची नोट घेतली जाते, तिच्या जेवणासाठी तर दशांश होता! एवढ्या एका गोष्टीवर ही सगळी शिकवण कोसळायला हवी.

आणि ईयोबाचे पुस्तक कशासाठी आहे? दुःख आले म्हणजे पाप असणार, नीतिमानाचे भले होणारच, हाच ईयोबाच्या मित्रांचा सिद्धांत होता. शेवटच्या अध्यायात देवाचा राग पेटतो तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. समृद्धीचा उपदेश करणाऱ्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचावे.

यापेक्षा भारदस्त पक्ष आहे तो समंजस माणसांचा. आपल्या मंडळ्यांत बहुसंख्य तेच आहेत, त्यामुळे त्यांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. ते म्हणतात: भरवसा देवावर हे खरेच, पण ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी वृत्ती बायबलने कुठे शिकवली? नीतिसूत्रे आळशाला मुंगीकडे पाठवतात. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पाचवा हिस्सा साठवला म्हणून मिसर जगले. बुरूज बांधणाऱ्याने आधी खर्चाचा हिशेब करावा, असे खुद्द येशू म्हणतो. जो घरच्यांची तजवीज करत नाही त्याने विश्वास नाकारला, असे पौल तीमथ्याला बजावतो. मग मुलांच्या शिक्षणासाठी मुदतठेव, म्हातारपणासाठी पेन्शन, डोक्यावर स्वतःचे छप्पर, यात अविश्वास कुठे आला?

कुठेच आला नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात उद्यासाठी ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, हे सर्वांना आठवते. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा केलेला मान्ना नासला नाही, हेही तिथेच लिहिले आहे. साठवणे हे पाप नव्हे. वसईत पापडीला १९१८ मध्ये मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक सुरू झाली, ती शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून. एका पाद्रीबाबांनी बँक काढली, म्हणून त्यांचा देवावरचा विश्वास उणा होता असे कोण म्हणेल?

पण समंजस पक्ष इथे थांबत नाही. त्याचा न बोललेला दुसरा भाग असा, की पुरेसे साठले की मग दान, मग सेवा, मग देवाचे काम. आणि ‘पुरेसे’ दरवर्षी पुढे सरकते. एक फ्लॅट झाला की दुसरा भाड्याने द्यायला, मुलगा परदेशी गेला की तिथल्या घराचे हप्ते. लूकच्या बाराव्या अध्यायातला मूर्ख श्रीमंत नेमका इथे भेटतो. तो लबाड नाही, कुणाला लुबाडत नाही. जमिनीला भरघोस पीक आले, एवढेच घडले. त्याचे बोलणे मात्र लक्ष देऊन ऐकावे. सगळे संभाषण स्वतःशी. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्या शेतात राबलेले मजूर त्या बोलण्यात नाहीत, शेजारी नाही, दाराशी येणारा भुकेला नाही. आणि ही गोष्ट येशूने कुणाला सांगितली? भावाकडून वारशाचा वाटा मिळवून द्या म्हणणाऱ्या माणसाला. वडिलोपार्जित जमिनीवरून भावाभावांत दावे चाललेल्या आपल्या घरांनी ती वाचताना फार दूरच्या कुणाचा विचार करू नये.

योसेफाचे कोठार आणि या माणसाचे कोठार यांतला फरक आकाराचा नाही. योसेफाचे दुष्काळात उघडायचे म्हणून भरले गेले, याचे कायमचे बंद राहावे म्हणून. (योसेफाचा दाखला देणाऱ्यांनी उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्यायही वाचावा. त्याच धान्याच्या मोबदल्यात लोकांची जनावरे आणि जमिनी फारोकडे गेल्या, आणि अखेर लोकच त्याचे दास झाले. कोठार उघडले तरी ते कोणत्या अटीवर उघडले, हा प्रश्न उरतोच.)

शिवाय बंद कोठारही राखत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. त्या वेळी ठेवींना विम्याचे संरक्षण होते १ लाखाचे. २०२० मध्ये ते ५ लाख झाले. तिथे पैसे ठेवणारे लोक बेसावध नव्हते, आयुष्यभराची शिस्तीची बचत त्यांनी बँकेत ठेवली होती. हे लिहिताना त्यांच्या दुःखातून धडा काढावा असे मला वाटत नाही. सांगायचे इतकेच, की ज्याला आपण खात्रीचा व्यवहार म्हणतो, तोही विश्वासच असतो. फक्त तो कुणावर आहे हे आपण तपासत नाही.

देवावरचा भरवसा व्यवहारात कसा दिसतो, याचे उत्तर शोधायला आपल्याला परदेशी चरित्रांकडे जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे केडगाव आहे. शारदा सदन या त्यांच्या पुण्यातल्या संस्थेसाठी बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते आणि १८९८ मध्ये ती मुदत संपत होती. रमाबाईंना हे ठाऊक होते. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली. यापेक्षा समंजस नियोजन कोणते? मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन परतल्या. पुण्यात प्लेग, तिथे इतक्या जणींना ठेवण्याची परवानगी नाही. म्हणून त्या मुली केडगावच्या शेतावर आल्या. हातातली मदत संपत आलेली, झाडे अजून फळाला न आलेली, आणि खाणारी तोंडे शेकड्यांनी वाढलेली. पुढच्या दुष्काळानंतर, १९०० च्या सुमारास, केडगावच्या या वस्तीतल्या, म्हणजे मुक्ती मिशनमधल्या, माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

समंजस माणसाने त्या वेळी काय सल्ला दिला असता? आधी बाग धरू द्या, नवे वचन मिळू द्या, मग मुली आणा. रमाबाईंनी आधी मुली आणल्या. पण त्या हात जोडून बसल्याही नाहीत. विहिरी खणल्या, माग बसवले, घाणा, छापखाना, शेती उभी केली, १८९८ मध्ये अमेरिकेला जाऊन मदतीची घडी पुन्हा बसवली. प्रार्थना आणि हिशेबाची वही त्यांच्याकडे एकाच टेबलावर होती. ब्रिस्टलच्या ज्या जॉर्ज म्युलरच्या अनाथाश्रमांच्या कामाने त्यांना बळ दिले, तोही कुणा व्यक्तीकडे पैसे न मागण्याचा आणि कर्ज न काढण्याचा नेम पाळून पैन् पैचा हिशेब दरवर्षी छापत असे. काही टीकाकार म्हणत, हे वार्षिक अहवाल म्हणजेच मागणे. असेल, पण देव पुरवतो तो माणसांच्या हातांनीच. अहवाल वाचून कुणी पैसे पाठवले, म्हणून ती देवाची मदत राहत नाही, हे मला पटत नाही.

आणि इथेच मला सर्वांत जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे यायचे आहे. उपासनेनंतर चर्चच्या दाराशी घरभाडे थकलेल्या बाईला ‘देवावर भरवसा ठेवा, ताई’ असे जो म्हणतो, त्याचे स्वतःचे भाडे थकलेले नसते. वाक्य खरे, पण सांगणारा आणि ऐकणारा यांची अदलाबदल झाली आहे. अशाश्वत धनावर आशा ठेवू नका, अशी ताकीद पौल तीमथ्याच्या हातून या युगातल्या धनवानांना देतो, आणि लगेच पुढे त्यांनीच उदार व्हावे म्हणतो. याकोबाने तर अन्नवस्त्र नसलेल्याला नुसत्या शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्या विश्वासाला मृत म्हटले. यावर कुणी मत्तयाच्या सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवील: येशूने गरिबांनाही चिंता करू नका असे सांगितले की! सांगितले, पण सांगणाऱ्याला स्वतःला डोके टेकायला जागा नव्हती, आणि त्याच्यासोबत चालणाऱ्यांची थैली एक होती. त्या जागेवरून ते वाक्य बोलण्याचा अधिकार ज्याला असेल, त्याने जरूर बोलावे.

मान्न्याची गोष्ट पौलाने पुढे नेली, ती करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात. यरुशलेमच्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करताना तो त्या अरण्याची आठवण देतो, जिथे जास्त गोळा करणाऱ्याला उरले नाही आणि थोडे गोळा करणाऱ्याला कमी पडले नाही. अरण्यात जे देवाने केले, ते आता मंडळीने एकमेकांसाठी करायचे आहे, असा त्याचा युक्तिवाद आहे. त्याच अध्यायात तो ही रक्कम एकट्याने नेत नाही. कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून तीताबरोबर आणखी माणसे पाठवतो.

आपल्या मंडळ्यांच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो. इमारत निधी, ठेवी, व्याज, रंगरंगोटीचा खर्च. त्यात आणखी एक ओळ वेगळी छापावी, अशी माझी मागणी आहे: गेल्या वर्षभरात आपल्यातल्या किती घरांचे भाडे, किती मुलांची फी, किती जणांची औषधे या पैशातून गेली. नावे नकोत, आकडा पुरे. आणि तो आकडा व्याजाच्या आकड्याशेजारीच छापावा.