घरभाडे ही आकाशवाणी नव्हे : घासाघिशीचा विसरलेला इतिहास

#थ्रेड

१/ कराराची मुदत संपत आली की घरमालकाचा निरोप येतो : "पुढच्या महिन्यापासून दहा टक्के वाढ." आणि पानिपतच्या रसदीवर रात्र रात्र वाद घालणारे आपण निमूटपणे उत्तर देतो, "हो काका." हा थ्रेड त्या "हो काका"च्या विरोधात आहे.

२/ आपल्या मनात एक समज रुजला आहे : भाडे "बाजार" ठरवतो, ते दरवर्षी वाढायचेच, आणि ते कमी करा म्हणणे हलकेपणाचे. इतिहास याची साक्ष देत नाही. जागा ओस पडण्याचा तोटा सवलतीपेक्षा मोठा आहे, हे जागेच्या धन्याला उमगले तेव्हा त्याने दर उतरवला. पुष्कळदा ते त्याला कोणीतरी सांगावे लागले.

३/ आरंभ घरापासूनच करू. मराठेशाहीत पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला "इस्तावा" मिळे : पहिल्या वर्षी नाममात्र सारा, पुढे क्रमाक्रमाने वाढ. पुण्यात नव्या पेठा वसवताना व्यापारी-कारागिरांना काही वर्षांच्या करसवलतीचे कौल दिले गेले. सारा म्हणजे घरभाडे नव्हे, हे मान्य. पण हिशेब तोच. ओस जागा दिडकीही देत नाही, म्हणून वसणाऱ्याला सवलत. राज्यकर्त्यांना जे कळत होते, ते दोन खोल्यांच्या मालकाला कळणार नाही काय?

४/ आता १९१५ चे ग्लासगो. महायुद्धामुळे जहाजबांधणी आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचा लोंढा आला. घरमालकांनी भाडी वाढवली. गोव्हन भागात मेरी बार्बर यांच्या पुढाकाराने स्त्रिया संघटित झाल्या. जप्तीवाले आले की घंटा वाजे आणि जिने बायकांनी भरून जात. वाढीव भाडे द्यायचे नाही, एवढीच मागणी.

५/ नोव्हेंबरपर्यंत सुमारे २०,००० कुटुंबे या संपात होती. १७ नोव्हेंबरला काही भाडेकरूंवरील खटले सुनावणीस आले, तेव्हा गोदीतील कामगार काम टाकून न्यायालयावर चालून गेले. खटले मागे पडले आणि वर्ष सरण्याआधी ब्रिटिश संसदेने कायदा करून भाडी युद्धारंभीच्या पातळीवर बांधली. "बाजारा"ने ठरवलेला दर काही आठवड्यांत बदलला!

६/ त्याच साम्राज्यातल्या मुंबईत, त्याच युद्धाच्या झळा बसत असताना, १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला. पण मुंबईचा खरा धडा पुढचा आहे. १९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात विकास खाते निघाले. संकल्प ५०,००० खोल्यांचा होता. उभ्या राहिल्या १६,००० च्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथील २०७ बीडीडी चाळी त्या याच.

७/ बांधकामाचा खर्च भरून निघेल एवढे भाडे गिरणी कामगाराला झेपणारे नव्हते. सरकारला त्याहून कमी भाडे लावावे लागले, तरीही कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. जिच्या हाती सारी सत्ता, त्या सरकारलाही रिकाम्या खोलीपुढे मान तुकवावी लागली. सांगा, भाडे कोणी ठरवले?

८/ येथे हमखास आक्षेप येतो : "भाडेकरूंच्या लाडामुळेच मुंबईच्या इमारती कोसळल्या." यात तथ्य आहे, ते नाकारू नये. १९४७ च्या कायद्याने प्रमाणित भाडे बहुतांशी १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधले. दशके उलटली, दुरुस्तीचा खर्च वाढला, भाडे तिथेच. आणि खरा व्यवहार पागडीतून होऊ लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले.

९/ पण हा इतिहास आजच्या भाडेकरूच्या तोंडावर फेकणे ही लबाडी आहे. गोठवलेले भाडे वेगळे, बोलून ठरवलेले भाडे वेगळे. आज आपण "लिव्ह अँड लायसन्स"वर राहतो. तिथे ना प्रमाणित भाडे, ना पागडी. कायदा दर ठरवून देत नाही, म्हणजेच तो दोघांच्या संमतीने ठरतो. मग संमती देण्यापूर्वी तोंड उघडायला लाजायचे कशाला?

१०/ "अकरा महिन्यांचा करार असतो, त्यात काय बोलणार?" या अकराचाही इतिहास ऐका. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. ती टाळण्यासाठी अकरा महिने. शिवाय १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना कायद्याने भाडेकरूचे संरक्षण दिले, तेव्हापासून मालकांच्या मनात धास्ती बसली ती बसलीच.

११/ महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. म्हणजे नोंदणी टाळण्याचे ते अकराचे कारण इथे केव्हाच संपले. उरला तो रिवाज. आणि दहा टक्के वाढ? करारात लिहिली नसेल, तर तोही निव्वळ रिवाज.

१२/ आता बीडीडीचा धडा तुमच्या खोलीला लावा. समजा, भाडे ३०,००० आहे. मालक ३३,००० मागतो. तुम्ही घर सोडले आणि ते एकच महिना रिकामे राहिले, तर अकरा महिन्यांचे त्याला ३,६३,००० मिळतील. जुन्याच भाड्यावर तुम्ही राहिलात तर ३,६०,०००. फरक ३,००० चा. त्यात रंगकाम आणि दलाली धरा, वाढ बुडाली.

१३/ शेजारच्या इमारतीतील दर उतरले असतील, तर आणखी पुढे जा. तुम्ही २८,५०० मागितले तर वर्षाचे ३,४२,००० होतात. तेच घर महिनाभर रिकामे राहून नव्या माणसाला ३०,००० ने गेले, तर ३,३०,०००. कमी भाडे घेऊनही मालक १२,००० नी वरचढ! ही याचना नव्हे, हा हिशेब आहे. तो कागदावर मांडा.

१४/ मात्र तयारीविना लढाई नको. आपल्याच सोसायटीतील चार घरांचे चालू भाडे विचारून ठेवा. वेळेवर भरलेल्या भाड्याच्या नोंदी काढा. मुदतीच्या दोन महिने आधी बोला. कारण मुदत संपल्यावर ताबा सोडला नाही, तर त्याच कायद्याने दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दर उतरत नसेल तर दोन वर्षे स्थिर भाडे मागा, डिपॉझिट कमी करून घ्या. आणि जिथे घराला रांग लागली आहे, तिथे आपली बाजू दुबळी आहे हेही ओळखा.

१५/ ग्लासगोच्या स्त्रियांकडे ना वकील होते, ना पैसा. बीडीडीच्या रिकाम्या खोल्यांनी तर एक शब्दही न बोलता सरकारला नमवले. आपल्याकडे हिशेब आहे, कायदा आहे, आणि हा इतिहासही आहे. तो केवळ जयंतीच्या पोस्टपुरता वाचायचा असेल तर प्रश्नच मिटला. नाहीतर पुढच्या वेळी निरोप आला की एवढेच म्हणा : "काका, बसून बोलू या." (समाप्त)